ढोले सरांचं धाकटं चाक

ढोले सर गाडीत बसायचे नाहीत, गाडी अंगात घालायचे. आधी डावा पाय आत, मग कंबर, मग एक लांबलचक श्वास बाहेर. आणि त्या श्वासानं जेवढी जागा मोकळी होईल तेवढ्यात उरलेले सर. दार लावायचं काम बाहेरच्या माणसाचं. अमरावतीतल्या माझ्या पहिल्याच सकाळी ते माझ्याकडं आलं. हातात ट्रंक, अंगावर पुण्यापासूनची धूळ, आणि ज्यांच्याकडं भाड्यानं राहायचं ते घरमालक फाटकासमोर एका हिरव्या, ठेंगण्या, टप नसलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या चाकामागं गच्च बसलेले. माझं नाव-गाव काही न विचारता ते म्हणाले, "बाई, तेवढं दार लोटा बरं. जोरानं लोटा. मले नाही लागत."

मी जोरानं लोटलं. ते त्यांना चांगलंच लागलं. पण चेहऱ्यावरची रेष न हलवता ते म्हणाले, "हं, आता सांगा. कोण तुमी?"

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात आलं होतं. पुण्याकडची माणसं नोकरीनिमित्त इकडं येऊ लागली होती, त्यातलीच मी एक. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला आले होते आणि राजापेठेत ढोले सरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या होत्या. मी पुण्याची म्हटल्यावर सरांनी मला जरा निरखून पाहिलं आणि सांगितलं, "तुमचं बोलनं लय गोड हाय बाई, पन निम्मं नाकातच राहून जाते." एवढं बोलून ते गेले. मी ट्रंकेवर बसून रडायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून त्यांची पत्नी इंदूताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि काही न बोलता माझ्याजवळ उभ्या राहिल्या. त्या दोघांत बोलण्याची सगळी वाटणी सरांकडं होती.

सर कॉलेजात संस्कृत शिकवायचे. हे मला बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढचा संस्कृतचा शिक्षक म्हणजे वाळलेला, गोरटेला, हळू बोलणारा माणूस. हे होते धिप्पाड, सावळे, झुबकेदार मिशांचे, धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालणारे; आणि पोट असं की ते खोलीत आधी यायचं, सर मागून. बोलायचे कायम वऱ्हाडी, वर्गातसुद्धा. संधी शिकवताना ते फळ्यावर अक्षर काढत आणि त्याची कीव येऊन सांगत, "हा 'इ' हाय ना, हा लय गरीब. याच्या पुढं 'अ' येऊन उभा राह्यला का याचा जीव जाते, अन् याच्या जाग्यावर 'य' जन्माले येते." कॉलेजातून पास होऊन गेलेली मुलं नंतर बाकी सगळं विसरली तरी त्या गरीब 'इ'ला विसरत नसत. वर्गात कुणी उत्तर देताना अडखळला की सर म्हणत, "व्याकरण पक्कं अन् पोट भरेल असलं, का मानूस कोनाले भेत नाही. तू जेवला नाही वाटते." आणि तो खरंच जेवला नसेल तर दुपारी त्याला घरी घेऊन येत. राजापेठेतल्या त्या घरात जेवायला कोण येईल याचा नेम नव्हता. इंदूताई अंदाजानं चार भाकऱ्या जास्तच टाकत.

गाडीची हकीगत मला कॉलेजातल्या लोकांकडून कळली. अकोल्याला कापसाच्या एका विलायती कंपनीत एक साहेब होता. त्याला संस्कृत शिकायची हौस आली. सर दर रविवारी आगगाडीनं अकोल्याला जाऊन त्याला शिकवत, आणि साहेब सरांचं ऐकून ऐकून संस्कृतचा अर्थ वऱ्हाडीत सांगू लागला होता म्हणतात. पुढं तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं आपली लाडकी दोन सीटची गाडी गुरुदक्षिणा म्हणून सरांच्या दारात आणून उभी केली आणि सरांच्या पाया पडून गेला. सरांना तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. ते म्हणाले, "जमते." हा त्यांचा शब्द होता. तुटलेली खाट, चुकलेला मुलगा, न सुटणारा श्लोक, कशालाही पहिल्यांदा "जमते", आणि मग कोटाच्या बाह्या वर.

अडचण एकच होती. साहेब होता शेवग्याच्या शेंगेसारखा, आणि गाडी त्याच्या मापाची. तिचं हातातलं चाक परातीएवढं मोठं. साहेबाच्या आणि चाकाच्या मध्ये हवा खेळत असे. सरांच्या आणि चाकाच्या मध्ये कोटाचं बटणसुद्धा मावत नव्हतं. तिसरं बटण नेहमी तुटलेलं असायचं. उजवीकडं वळायचं तर सरांना आधी श्वास सोडावा लागे. राजापेठेतले टांगेवाले लांबून सरांचा चेहरा पाहून ओळखत, की आता हे वळणार.

त्यात हॉर्नचं बटण चाकाच्या मधोमध. सर हसले की पोट हले, आणि पोट हललं की गाडी ओरडे. हसण्यावर तर त्यांचा ताबा नव्हताच. आमच्या शाळेत एकदा कुणी मोठं माणूस वारलं म्हणून मैदानात मुलींना शांत उभं केलं होतं. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. तेवढ्यात रस्त्यावरून सर कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला शेजारी बसवून चालले होते, आणि त्या गृहस्थानं काहीतरी विनोद सांगितला असावा. पों, पों-पों, पोंऽ करत ती हिरवी गाडी शाळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हसत गेली. मुलींच्या ओळी हलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सर स्वतः मुख्याध्यापिकाबाईंची माफी मागायला आले. कारण सांगताना त्यांना तो विनोद पुन्हा आठवला. सुदैवानं या वेळी ते खुर्चीत होते. आमच्या बाई कधी हसत नाहीत असा आमचा समज होता. त्या दिवशी तो गेला.

त्या गाडीत इंदूताई मात्र कधी बसल्या नव्हत्या. त्या तशा कुठंच जात नसत. त्यांची एकुलती मुलगी कुसुम विषमज्वरानं गेली होती, मी येण्याच्या काही वर्षं आधी. ती सोळाची होती. तेव्हापासून बाजारहाट सर करत, लग्नकार्यांना सर एकटे जात, आणि अकोटला इंदूताईंचं माहेर होतं, भावाचं जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना, होतं, तिथंही त्या गेल्या नव्हत्या. शेजारणी म्हणायच्या, सरांनी ती गाडी ठेवून घेतली ती बायकोसाठी. एखाद्या दिवशी तिला वाटलं की चला, तर दारात गाडी असावी. ते खरं असेल. सर रोज सकाळी निघताना आत तोंड करून विचारत, "येतं काय वो?" आतून उत्तर येत नसे. मग सर श्वास सोडत आणि गाडी अंगात घालत.

हे असंच चाललं असतं, पण एका हिवाळ्यात विहिरीपाशी तो प्रकार झाला.

सर शेतावरच्या जेवणाहून परत येत होते. रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तूप. सरांसारख्या माणसानं असं जेवण जेवलं की पोटाचं माप थोडं वाढणारच. घराच्या वळणावर त्यांनी श्वास सोडला, पण चाक हललं नाही. ते पोटात रुतून बसलं होतं. गाडी वळायची ती सरळ गेली. समोर सार्वजनिक विहीर, बायका पाणी भरत होत्या. सरांनी ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी कठड्याला टेकून थांबली. एका मुलीची घागर पुढच्या चाकाखाली चेपली, आणि त्या घागरीपासून वीतभर अंतरावर तिचा अनवाणी पाय होता.

कुणाला काही लागलं नाही. मुलगी तर घागरीचा पापड झालेला पाहून हसत होती. पण सर उतरले, त्यांनी तिच्या पायाकडं पाहिलं आणि तिथंच कठड्यावर बसून राहिले. गाडी लोकांनी ढकलत घरी आणली. त्या मुलीकडं नवी घागर सर स्वतः घेऊन गेले. परत आल्यावर ओसरीवर बसून ते कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "माह्या पोटापायी लोकाची पोरगी गेली असती."

इंदूताई दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

त्यानंतर गाडीवर ताडपत्री पडली. अकोल्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाचा त्या गाडीवर कधीपासून डोळा होता. सरांनी आपणहून त्याला निरोप धाडला, की येऊन घेऊन जा. आमच्या डॉक्टरांनी पोट कमी करायचा सल्ला दिला होता, तो सरांनी इतकी वर्षं हसण्यावारी नेला होता. आता ते अर्धी भाकरी खाऊन उठू लागले. पण माणूस असा एका आठवड्यात बारीक होत नाही. गप्प मात्र होतो. सर कॉलेजात पायी जात आणि पायी येत. दुपारी जेवायला कुणाला आणत नसत. मागच्या खोल्यांत बसून मुलींच्या वह्या तपासताना मला त्या घरातला आवाज नाहीसा झाल्याचं इतकं जाणवे, की माझी लेखणी थांबे.

एका रविवारी दुपारी सर ओसरीवर झोपले होते. इंदूताई माझ्याकडं आल्या. हातात शिलाईची फीत होती. नजरेनं 'चला' म्हणून त्यांनी मला ओसरीवर नेलं, फितीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि खुणेनं सांगितलं, की धरा. आम्ही दोघींनी झोपलेल्या सरांचं पोट मोजलं. मग ताडपत्री वर करून गाडीच्या सीटच्या पाठीपासून चाकापर्यंतचं अंतर मोजलं. इंदूताई ते आकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिल्या. मग त्यांनी पायात चपला घातल्या.

त्या चपला नव्याकोऱ्या होत्या. कधीतरी आणलेल्या आणि तशाच राहिलेल्या.

"हनीफमिस्त्रीकडं जातो," त्या म्हणाल्या. "तुमी चाला संगं." वऱ्हाडात बायका स्वतःबद्दलही 'जातो', 'येतो' म्हणतात, मला त्याची सवय व्हायला वेळ लागला. पण त्या दिवशी मी दचकले ती त्या शब्दामुळं नाही. फाटकाबाहेर आल्यावर त्या क्षणभर थांबल्या, रस्त्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे घर एकदा गप झालेलं मी पायलं हाय, बाई. पुन्यांदा नाही पाहाचं मले."

हनीफमिस्त्रींचं दुकान दोन रस्ते पलीकडं होतं. ते मोटारींपासून जिनिंगच्या इंजिनांपर्यंत सगळं दुरुस्त करत, आणि कामापेक्षा जास्त स्वतःची तारीफ करत. अमरावतीत माझ्यासारखा दुसरा नाही, हे त्यांचं वाक्य. ते खरंही होतं; दुसरा होता तो त्यांचा सख्खा भाऊ, आणि तो अकोल्याला. इंदूताईंना दारात पाहून ते एकदम उठून उभे राहिले. कुसुमच्या सायकलीचं पंक्चर तेच काढत, हे मला नंतर कळलं. इंदूताईंनी काही प्रस्तावना केली नाही. त्यांनी मापं सांगितली आणि म्हणाल्या, "सरांचं पोट कमी होत नाही. चाक कमी करून द्या."

मिस्त्रींनी ती मापं खडूनं जमिनीवर लिहून घेतली. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जणू आयुष्यभर याच कामाची वाट पाहत होते.

आता उरला प्रश्न सरांचा. त्यांना हे संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितलं तेव्हा ते संतापलेच. साहेबानं दिलेली वस्तू, तिला हात कसा लावायचा, गुरुदक्षिणेला कुणी करवत लावतं का, असं बरंच बोलले. कितीतरी दिवसांनी ते इतकं बोलत होते. इंदूताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कप उचलता उचलता म्हणाल्या, "दिली तवा तुमचं पोट यवढं नव्हतं."

सर उठले आणि गाडीवरची ताडपत्री काढायला गेले. इंदूताईंच्या त्या वाक्याला व्याकरणात तोड नसावी.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींच्या दारात गेली, आणि अकोल्याच्या त्या व्यापारीपुत्राला नकाराचा निरोप गेला. सर कॉलेज सुटलं की थेट दुकानात जाऊन बसत. जुन्या चाकाचा मधला तुंबा, म्हणजे दांड्यावर घट्ट बसणारा लोखंडी भाग, तेवढा ठेवायचा आणि भोवतालचं कडं नवं करायचं, असा मिस्त्रींचा बेत होता. तुंब्याला लोखंडी पट्ट्या जोडल्या. कडं सागवानाचं. मिस्त्रींचे मेहुणे टांग्यांची चाकं बनवत, त्यांनी मेळघाटातल्या जुन्या सागाचे तुकडे एकात एक सांधून ते गोल केलं आणि घासून घासून इतकं गुळगुळीत केलं, की सर त्यावरून हात फिरवतच राहिले. हॉर्नचं बटण मधून काढून समोरच्या फळीवर गेलं. जुनं मोठं कडं गल्लीतल्या पोरांनी पळवलं; ती काठीनं ते पिटाळत राजापेठभर धावायची.

बसवायच्या दिवशी मिस्त्रींनी आमच्या तिघांसमोर एक छोटंसं भाषण केलं. "देखो ढोलेसाब, चक्का छोटा हुआ तो दो बातें होंगी. खडी गाडी घुमाने को दम लगेगा. और चलती गाडी जरा से इशारे पे घूमेगी. पहले जैसा खींचना नहीं."

"दम हाय ना," सर म्हणाले. "जागा नव्हती."

मग नवं चाक दांड्यावर बसलं, वरून मोठा नट आवळला गेला, आणि सर आत उतरले. डावा पाय, कंबर. सवयीनं त्यांनी श्वास सोडला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्याची गरज नाही. त्यांनी पुन्हा पोटभर श्वास घेतला. चाक आणि कोट यांच्यामध्ये हात सहज जाईल एवढी फट होती. सर त्या फटीत हात घालून आम्हाला दाखवत राहिले.

एकच खोट निघाली. चाक लहान झालं तसं त्याचं कडं नेमकं वेगाच्या तबकडीसमोर आलं. सरांना काटा दिसेना. मिस्त्री जरा ओशाळले. सर म्हणाले, त्यांना काटा पाहून काय करायचं आहे, रस्ता दिसतो तेवढं पुरे. आणि मग एकदम त्यांना विहीर आठवली असावी, कारण त्यांनी चाकावरचे हात काढून घेतले.

"काटा मी पाहीन," इंदूताई म्हणाल्या. शेजारच्या सीटवरून तो स्वच्छ दिसत होता. त्यांनी दार उघडलं, नऊवारीचा घोळ सावरला आणि आत बसल्या.

त्या रविवारी आम्ही अकोटला गेलो. मीही होते, कारण दोघांनीच जायला इंदूताईंना संकोच वाटला. दोन सीटच्या त्या गाडीत तिसरं माणूस म्हणजे सामान. मी सीटांमागच्या फळीवर पायांची घडी घालून, मांडीवर डबा घेऊन बसले. परतवाडा, अंजनगाव असा रस्ता. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि रस्त्यात कापसाच्या गाड्यांची रांग. इंदूताईंनी सबंध रस्ताभर तबकडीवरून नजर काढली नाही. "तीस," त्या म्हणत. मग जरा वेळानं, "पस्तीस." काटा चाळिसाकडं झुकला की त्या आकडा सांगत नसत, नुसतं "अवो" म्हणत, आणि गाडी हळू होई. सर खुशीत होते. मिस्त्रींनी म्हटलं होतं तसं चाक बोटाच्या इशाऱ्यावर वळत होतं, आणि हे चाक कुणी केलं असं कुणीतरी येऊन विचारावं अशा थाटात ते बैलगाड्यांना वळसे घालत होते.

अकोटला इंदूताईंच्या भावाच्या जिनिंगचं फाटक आलं. आवारात कापसाच्या गंज्या घरांएवढ्या उंच लागलेल्या. भाऊ, भावजय, पोरंसोरं, कामावरच्या बाया, सगळे फाटकाशी जमलेले. बहीण किती वर्षांनी येत होती. एवढी माणसं पाहून सरांना हुरूप आला. आणि त्या हुरुपात ते सगळं विसरले. जुन्या चाकाच्या सवयीनं त्यांनी दोन्ही हातांनी जोरात चाक ओढलं. गाडी फाटकातून आत वळली, आणि वळतच राहिली, आणि गंजीत शिरली.

आवाज काही झाला नाही. सगळं एकदम पांढरं झालं, एवढंच. वरून कापूस घसरून आमच्यावर आला. नाकात, कानात, डब्यात कापूस. बायांचं ओरडणं लांबून यावं तसं ऐकू येत होतं. मी चाचपडत डोकं बाहेर काढलं तेव्हा सरांचं डोकं आधीच बाहेर आलं होतं, आणि ते घाबरून शेजारी हात घालून शोधत होते. तिथून एक आवाज येत होता. मला वाटलं, इंदूताई रडताहेत. सरांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी दोन्ही हातांनी कापूस उपसला.

इंदूताई हसत होत्या. केसांत, कुंकवावर, पापण्यांवर कापूस, आणि हसू थांबत नव्हतं. पदर तोंडाशी नेत, पुन्हा हसत. मधेच कसंबसं त्यांनी तबकडीवरचा कापूस बोटानं बाजूला केला आणि म्हणाल्या, "आता शून्य हाय."

मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. एरवी एवढ्याशा विनोदावर गडगडणारे सर मात्र हसले नाहीत. मिशीत कापूस घेऊन ते नुसते इंदूताईंकडं बघत राहिले. त्यांचा मेहुणा गाडीपर्यंत धावत आला होता. तो अचानक पाठ फिरवून कामकऱ्यांवर उगीचच खेकसायला लागला, की बघत काय उभे राहिलात, कापूस भरा.

त्या वेळी इंदूताई माहेरी चांगल्या आठ-दहा दिवस राहिल्या.

पुढचं सगळं ओघानंच झालं. काटा वाचणाऱ्या माणसाला रस्ताही दिसत असतो. इंदूताई आधी आकडे सांगत, मग वळणं सांगू लागल्या, मग खड्डे. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमाले सांगन्यापरीस मीच धरतो ना चाक." सर म्हणाले, "जमते." गावाबाहेरच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. सरांना दुसरी भाषा येत नव्हती, त्यामुळं ते गाडीही व्याकरणानं शिकवत. क्लच दाबला म्हणजे विग्रह, सोडला म्हणजे संधी. आणि संधी हळूहळू करायची असते, नाहीतर शब्द मोडतो. गाडी आचके देत बंद पडली की सर म्हणत, "विग्रह केला, संधी राह्यली." इंदूताई लवकर शिकल्या. सरांच्या पोटासाठी केलेलं ते लहान चाक त्यांच्या लहान हातांना तर बेतून केल्यासारखं होतं. परवान्याच्या परीक्षेला आलेला माणूस नऊवारीतल्या बाईशेजारी त्या बुटक्या गाडीत बसायला कां-कूं करत होता. त्याला त्या म्हणाल्या, "बसा दादा. मले गाडी वळवता येते." तो उतरला तेव्हा त्याच्या टोपीत वाळू होती आणि इंदूताईंच्या हातात त्याच्या सहीचा पास झाल्याचा कागद.

मग राजापेठेला एक नवी गोष्ट पाहायला मिळाली. सकाळी फाटकाशी गाडीचं दार उघडून सर शेजारच्या सीटवर बसत आणि आत तोंड करून ओरडत, "येतं काय वो? कॉलेजले उशीर होऊन राह्यला." आणि इंदूताई येत.

ती दोघं खूप हिंडली. सरांचा एक विद्यार्थी जंगलखात्यात होता, तो त्यांना सेमाडोहला बोलवायचा. एकदा मीही गेले, अर्थात फळीवर. घाटाच्या वळणावर समोर रानगवा उभा. भिंतीसारखा. सर हळू आवाजात म्हणाले की हॉर्न वाजवू नका, आणि त्यांनी त्याला उद्देशून एक स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. गव्यावर काही परिणाम झाला नाही. इंदूताईंनी ओठ आवळून, सगळा जोर लावून ते चाक फिरवलं, थोडी मागे, थोडी पुढे करत त्या अरुंद रस्त्यात गाडी उलटी वळवली, आणि आम्ही आलो तसे निघालो. बरंच खाली आल्यावर सर म्हणाले, "पाठांतर बाकी चुकलं नाही माहं."

सहा-सात वर्षांनी मला पुण्यात नोकरी मिळाली आणि मी अमरावती सोडली. नंतर आमची गाठ पडली नाही. दिवाळीला निरोप यायचे, संत्र्यांची करंडी यायची. मग एका वर्षी सर गेल्याचं कळलं, तेही उशिरा. पण मला ते दिसतात ते माझ्या निघण्याच्या दिवशीचे.

मला पोचवायला दोघं बडनेऱ्याच्या स्टेशनवर आली होती. सरांनी माझ्यासाठी जागा धरली, डब्यातल्या सगळ्यांना मी कोण, कुठं चालले आणि माझी काळजी कशी घ्यायची ते सांगितलं, एका म्हाताऱ्याशी एका शब्दावरून वाद घातला, आणि गाडी सुटायच्या आधीच घाईनं निघून गेले. मला जरा वाईट वाटलं. गाडी सुटली. स्टेशन मागं पडलं आणि अकोल्याचा रस्ता रुळांच्या बाजूनं धावायला लागला. तिथं ती हिरवी गाडी होती. इंदूताई चाकावर, पदर कमरेला खोचलेला, नजर समोर. सर सीटवर अर्धे उभे राहून एका हातानं काच धरून माझ्या डब्याकडं पाहत काहीतरी मोठ्यानं सांगत होते; वाऱ्यात एक अक्षर पोचत नव्हतं. डब्यातली माणसं खिडकीशी आली. मी हात हलवला.

तशी इंदूताईंनीही चाकावरचा एक हात काढून वर केला. ते पाहून सर घाबरून खाली बसले आणि त्यांनी झटकन चाकाकडं हात नेला. इंदूताईंनी वर केलेला हात खाली आणून त्यांच्या हातावर एक चापट मारली, आणि पुन्हा वर केला. मग मध्ये बाभळींची रांग आली.